शाळा सोडल्याचा दाखला

मार्च महिन्यात बाबांनी कऱ्हाडच्या घरातलं लोखंडी कपाट आवरायला काढलं आणि माझ्या फोनवर एकामागून एक फोटो येऊ लागले. पिवळे पडलेले, घडीवर चिरलेले, कोपऱ्याला टाचणीचा गंज उतरलेले कागद. शाळा सोडल्याचा दाखला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच गावं, पाच गोल शिक्के, पाच मुख्याध्यापकांच्या पाच तऱ्हेच्या सह्या. आणि दोन रकाने पाचही कागदांवर अगदी सारखे. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : वडिलांची बदली.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. मे महिन्यात बदलीचा हुकूम यायचा आणि जूनमध्ये आम्ही नव्या गावात असायचो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आजी म्हणायची. आईनं पत्र्याच्या दोन ट्रंका कधी पूर्ण रिकाम्या केल्याच नाहीत.

हे फोटो आले तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, २३ मार्च २०२५ला, मी आणि माझी तेरा वर्षांची लेक इथे अमेरिकेत, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला बास्केटबॉलची मॅच बघायला निघालो होतो. आम्ही राहतो तिथून गाडीनं पाऊण तास. टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, म्हणजे इथले लोक ज्याला टीसीयू म्हणतात, तिच्या मुलींच्या संघाचा राष्ट्रीय स्पर्धेतला दुसऱ्या फेरीचा सामना होता आणि समोर लुइव्हिल युनिव्हर्सिटी होती. लेक टीसीयूच्या जांभळ्या टी-शर्टमध्ये. मी मात्र एकाच मुलीला बघायला चालले होते. तिनं तीन वर्षं लुइव्हिलसाठी घाम गाळला होता, मध्ये एक वर्ष लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला काढलं होतं, आणि आता ती टीसीयूकडून त्याच लुइव्हिलला हरवायला उतरणार होती. हेली व्हॅन लिथ.

बास्केटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अमेरिकेत कॉलेजच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये सुरू होते. अडुसष्ट संघ, आणि एकदा हरलं की घरी. शेवटच्या आठांत पोचणं म्हणजे बहुतेक खेळाडूंच्या आयुष्यातली एकदाच येणारी गोष्ट, पुष्कळांच्या तर तीही येत नाही. हेली कॉलेजात पाच मोसम खेळली आणि पाचही वेळा तिचा संघ शेवटच्या आठांत होता. २०२१, २२, २३ला लुइव्हिल, २४ला लुइझियाना स्टेट, २५ला टीसीयू. तीन वेगवेगळ्या कॉलेजांना तिथवर नेणारी ती पहिलीच, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही स्पर्धा धरून. तरीही तिचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ती ना? ती कुठे टिकत नाही."

हे 'टिकत नाही' मला लागतं. लहानपणी प्रत्येक नव्या वर्गात मी ते ऐकलेलं आहे. बाकावर जागा देताना मुली म्हणायच्या, हिच्याशी कशाला मैत्री करायची, ही जाणारच आहे.

हेली मूळची वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमिअर नावाच्या छोट्या गावातली. डोंगराच्या कुशीत, सफरचंदांच्या आणि पेअरच्या बागांमधलं गाव. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे या खेळात ठेंगणीच. शाळेत असताना तिला विख्यात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटबरोबर आणि त्यांच्या मुलीबरोबर, जियानाबरोबर, सराव करायला मिळाला होता. २६ जानेवारी २०२०ला ते दोघं हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले तेव्हा हेली शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. त्याच वर्षी ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, केंटकीतल्या लुइव्हिलला आली. करोनामुळे पहिला मोसम जवळपास रिकाम्या मैदानांत गेला. तो मोसम नियमाप्रमाणे कुणाच्याच खात्यात धरला नाही, म्हणून त्या पिढीला चारऐवजी पाच वर्षं खेळता आलं.

त्या काळाबद्दल ती पुढे मोकळेपणानं बोलली. कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांत आपण नैराश्यात होतो, औषधं चालू होती, जगणं नकोसं झालं होतं, हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. बाहेरून दिसत होती ती मूठ आवळून ओरडणारी, समोरच्या डोळ्यांत डोळे घालणारी, अंगावर धावून गेल्यासारखी खेळणारी मुलगी. तिसऱ्या मोसमात सामन्यामागे सरासरी १९.७ गुण. आणि तीन वर्षांत पदवीही घेतली, ही गोष्ट लोक सांगायला विसरतात.

लुइव्हिलचा तिचा शेवटचा सामना सिॲटलला झाला. तिच्याच राज्यात, डोंगर ओलांडून गेलं की कॅशमिअर. समोर आयोवा युनिव्हर्सिटी आणि तिची गाजलेली गार्ड, केटलिन क्लार्क. क्लार्कनं ४१ गुण केले, वर १२ असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच गुण झाले असे पास, आणि १० रिबाउंड, म्हणजे नेम चुकल्यावर झेललेले चेंडू. हेलीनं २७ केले. लुइव्हिल ९७-८३ हरलं. त्यानंतर काही आठवड्यांनी तिनं लुइव्हिल सोडलं.

सोडायचं कसं, तर ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालून. पोर्टल म्हणजे एक यादी, २०१८च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. खेळाडूनं कॉलेजला कळवलं की दोन दिवसांत कॉलेजनं नाव यादीत चढवायचं, मग इतर कॉलेजांचे प्रशिक्षक तिच्याशी बोलू शकतात. नाव घातलं की ते सत्र संपल्यावर जुन्या कॉलेजला शिष्यवृत्ती बंद करायची मुभा असते. म्हणजे हातातली फांदी सोडायची आणि दुसरी हातात येईपर्यंत हवेत राहायचं. सगळ्यांना दुसरी मिळते असंही नाही. प्रत्येक वसंतात कितीतरी नावं त्या यादीतच राहून जातात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

पूर्वी तर आणखी एक शिक्षा होती. बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक वर्ष बसायचं. सराव करायचा, अभ्यास करायचा, संघाबरोबर बाकावर बसायचं, पण सामन्यात उतरायचं नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये एकदा बदलण्यापुरती ती अट गेली. २०२३च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशानं पुन्हापुन्हा बदलणाऱ्यांवरची बंदीही रोखली, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये नियमच बदलला. अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला. पदवी झालेली असल्यामुळे हेलीला तशीही मोकळीक होती.

एक वर्ष बसायचं म्हणजे काय हे मला माहीत आहे.

आठवीपर्यंत मी सोलापूरला होते. शाळेच्या मागे सिमेंटचं कोर्ट, रिंगेला जाळी नाही, बोर्डाचा एक कोपरा निखळलेला. तिथे मी गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी, म्हणून खेळायला शिकले. माझी मैत्रीण डावीकडून रिंगेखाली शिरायची, नेहमी डावीकडूनच, आणि शिरण्याआधी तिची वेणी एकदा उजवीकडे झटकली जायची. वेणी हलली की मी न बघता चेंडू सोडायचे. तो तिच्या हातात असायचा. जिल्ह्याच्या सामन्यांत आम्ही फार मोठं काही केलं नाही, पण तो एक पास आमचा होता.

नववीला भंडारा. नव्या शाळेतही बास्केटबॉल होतं, केवढा आनंद झाला मला. पहिल्याच संध्याकाळी बूट घालून मैदानावर गेले. सर भले होते, ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, "संघ ठरलाय गं या वर्षीचा. तू बस, बघ. पुढच्या वर्षी घेऊ." मी बसले. रोज संध्याकाळी बूट घालून दगडी कट्ट्यावर बसायचे, लेस पक्की बांधून. सहा वाजता उठून घरी. आईनं एकदा विचारलं, खेळायला नाही तर बूट कशाला झिजवतेस? मी उत्तर दिलं नाही.

जानेवारीत एका मुलीचा पाय मुरगळला आणि एका सराव सामन्यात सरांनी मला आत घेतलं. चेंडू हातात आला, पुढे नेला, डावीकडे काहीतरी हललं आणि मी न बघता पास दिला. तिथे कुणीच नव्हतं. चेंडू कुंपणाखालून थेट नाल्यात. मुली हसल्या, कुणीतरी काठी घेऊन तो काढायला गेली. मी उभी होते. तो पास मी सोलापूरच्या मैत्रिणीला दिला होता.

हे इतक्या तपशिलानं सांगते, कारण हेलीच्या लुइझियानातल्या वर्षाबद्दल जे बोललं जातं ते ऐकताना मला तो नाला दिसतो.

गार्डचं काम गुण करण्याइतकंच गुण करवून घेण्याचं असतं. चेंडू आपल्या रिंगेपासून समोरच्या रिंगेपर्यंत न्यायचा, आणि त्या आठ-दहा सेकंदांत चार जणींना वाचायचं. सेंटरला, म्हणजे रिंगेजवळ खेळणाऱ्या उंच मुलीला, पास छातीशी हवा की डोक्यावर? कोपऱ्यातली मुलगी चेंडू आल्याबरोबर उडी घेते की आधी एक पाऊल टाकते? कुणाला दोन शॉट चुकले की तिसरा घ्यायची भीती वाटते? कुणाला नेमकं तेव्हाच चेंडू द्यावा लागतो? हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. रोजच्या सरावातून, बसच्या प्रवासातून, हरल्यानंतरच्या गप्प जेवणांतून ते अंगात मुरतं. सेंटरनं कॉलेज बदललं तर ती आपली उंची बरोबर घेऊन जाते. नेमबाज आपला नेम घेऊन जाते. गार्डचं अर्धं कसब चार जणींच्या सवयींत राहिलेलं असतं, ते तिथेच सोडून यावं लागतं. कॉलेज बदलून सगळ्यात जास्त कोण गमावत असेल तर ती गार्ड, असं मला वाटतं. गार्डनं दोनदा कॉलेज बदललं हे ऐकून लोक तिला उथळ कसं म्हणतात ते मला कळत नाही. मला तर ते ऐकून पोटात खड्डा पडतो.

त्यात लुइझियाना स्टेटला तिचं कामच बदललं. लुइव्हिलला ती मुख्यतः गुण करणारी गार्ड होती, इथे संघ चालवणारी पॉइंट गार्ड झाली. संघ आदल्याच मोसमाचा विजेता, एंजल रीससारखी गाजलेली खेळाडू आत, मोसम सुरू होण्याआधीच देशात पहिला क्रमांक दिलेला. हा संघ पहिलाच सामना कोलोरॅडोकडून हरला आणि बोटं हेलीकडे वळली. सरासरी १९.७वरून ११.६वर आली. मी तेव्हा तिचे सामने बघायचे आणि तिच्या हातात चेंडू आला की एक क्षण जास्त थांबलेला दिसायचा. अर्धा क्षण म्हणा. नाल्यात चेंडू गेलेली मुलगी तो क्षण ओळखते.

आणि मग १ एप्रिल २०२४. शेवटचे आठ, समोर पुन्हा आयोवा, पुन्हा क्लार्क. हेलीला क्लार्कला अडवायचं काम दिलेलं. क्लार्कनं पुन्हा ४१ गुण केले. बरोब्बर तेवढेच, एका वर्षानंतर, त्याच मुलीसमोर, फक्त समोरच्या मुलीची जर्सी बदललेली. त्यात नऊ थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन-तीन गुणांचे शॉट. त्यातला एक तर इतक्या लांबून मारला की हेलीनं खांदे उडवले, हात पसरले, आता काय करू अशा अर्थानं. तो दोन सेकंदांचा तुकडा रात्रीत जगभर फिरला. लुइझियाना ९४-८७ हरलं, आणि एका संपूर्ण मोसमाचं तिचं ओझं त्या खांदे उडवण्यात मावलं आहे असं लोकांनी ठरवून टाकलं.

त्याच्या थोडंच आधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एका मोठ्या वर्तमानपत्रातल्या लेखात लुइझियानाच्या मुलींबद्दल घाणेरडे शब्द वापरले होते, संघाला खलनायिका ठरवलं होतं. पत्रकारांसमोर हेली सरळ बोलली. आमच्या संघात कृष्णवर्णीय मुली जास्त आहेत, म्हणून आमच्याबद्दल असं लिहिलं जातं, हा पूर्वग्रह आजही आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. ती स्वतः गोरी, त्या संघात जेमतेम एका वर्षाची. उपरीच. पण बोलायची वेळ आली तेव्हा तिनं संघ आपला मानला होता. पुढे त्या लेखातला मजकूर बदलला गेला.

एका वर्षात कुणी कुणाचं होतं का, असं विचारणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. भंडाऱ्याला मी दोन वर्षं होते. तिथल्या मुली माझ्या कधी झाल्या ते मला तारखेसकट सांगता येईल. दहावीच्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या मुलींनी आमच्या सेंटरला तिच्या जातीवरून काही म्हटलं आणि मी, पाच फुटांची, सगळ्यांत पुढे गेले होते.

त्या उन्हाळ्यात हेलीनं पुन्हा पोर्टलमध्ये नाव घातलं आणि दुसरीकडे पॅरिस ऑलिंपिकला गेली, तीन-विरुद्ध-तीन प्रकारात. पहिले तिन्ही सामने अमेरिका हरली. तिथून सावरून त्या चौघींनी कांस्यपदक आणलं. मधल्या काळात तिनं निवडलेलं कॉलेज ऐकून बास्केटबॉलवाले चकित झाले होते. टीसीयू? वर्षभरापूर्वी जे आपल्या कॉलेज-लीगमधले अठरापैकी सतरा सामने हरले होते ते? २०२४च्या जानेवारीत तर त्यांच्या इतक्या मुली जखमी झाल्या की पाच जणी उभ्या करणं जमेना. दोन सामने खेळण्याआधीच सोडून द्यावे लागले आणि कॉलेजभर जाहीर निवड चाचणी घेऊन, व्हॉलीबॉलच्या संघातून मुलगी आणून, मोसम पुरा केला.

तिथे मार्क कॅम्बेल नावाचे प्रशिक्षक होते. ते पूर्वी ओरेगनला सहायक असताना तिथे सब्रिना आयनेस्क्यूसारखी गार्ड घडली होती. त्यांचा खेळ पिक अँड रोलवर उभा. म्हणजे उंच मुलगी येऊन गार्डच्या बचाववालीची वाट अडवते, गार्ड तिच्या खांद्याला घासून निघते, आणि पुढच्या एका क्षणात ठरवते : स्वतः मारायचं, आत वळलेल्या उंच मुलीला द्यायचं, की कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या नेमबाजाकडे फेकायचं. निर्णय गार्डचा. लुइझियानात जे काम तिच्या अंगावर पडलं होतं तेच काम इथे ती मागून घेत होती. या दोन्हींत किती अंतर असतं! बाबांची भंडाऱ्याची बदली आणि बाबांनी विनंती करून मागून घेतलेली कऱ्हाडची बदली, दोन्ही वेळा आईनं त्याच ट्रंका भरल्या होत्या. पण कऱ्हाडला ती ट्रंका भरताना गुणगुणत होती.

तर तो रविवार. आमच्या जागा वरच्या बाजूला, पण मैदान लहान आहे, सगळं दिसत होतं. खेळ सुरू होण्याआधी टीसीयूच्या पाच जणींची नावं पुकारली आणि लेक माझ्या कानात सांगत गेली. "आई, ही ॲरिझोनाहून आली. ही ओरेगन स्टेटहून. ही स्टॅनफर्डहून. ही सहा फूट सात इंचवाली आधी टेक्सस, मग ओरेगन, मग इथे." आणि पाचवी हेली. म्हणजे पहिल्या पाचांतली एकही मुलगी टीसीयूला सुरुवातीपासून नव्हती. पाचही जणी दाखला घेऊन आलेल्या.

लुइव्हिलच्या बाजूला ऑलिव्हिया कॉक्रन होती. हेली आणि ती २०२०ला एकाच वर्षी लुइव्हिलला आल्या होत्या. कॉक्रन पाच वर्षं तिथेच राहिली, ही तीन ठिकाणं फिरली, आणि आता एकाच रिंगेखाली समोरासमोर. मी दोघींकडे आलटून पालटून बघत होते. कॉक्रनबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एका जागी राहून वर्षानुवर्षं बदलत्या संघाला खांदा देणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती मोठी म्हणून दुसरी छोटी, हा हिशेब मात्र मला मान्य नाही. माझ्या सोलापूरच्या मैत्रिणीनं त्याच शाळेतून दहावी केली, तिथेच शिक्षिका झाली, आजही तिथेच शिकवते. आम्ही दोघी फोनवर बोलतो तेव्हा कोण जास्त निष्ठावान हा विषय कधी निघत नाही.

दुसऱ्या सत्रातलं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हेली चेंडू घेऊन वर येत होती, उजवा हात चेंडूवर, डावा पोटाशी. नजर कुणाकडेच नाही, सगळ्यांकडे. उंच सेंटर तिच्या उजव्या अंगाला येऊन खांबासारखी उभी राहिली. हेली तिला इतकी जवळून घासून गेली की दोघींच्या जर्सीत बोट शिरलं नसतं. लुइव्हिलच्या दोघी तिच्यावर झेपावल्या. ती उडी मारणार असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. आणि तिनं न बघता मागच्या बाजूला, डोक्याच्या थोडं वरून, चेंडू सोडला. तिथे सेंटरचे दोन्ही हात आधीच वर होते. चेंडू बोर्डाला लागून आत गेला तेव्हा हेली पाठमोरी परत पळायला लागलीही होती. तिनं बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती.

लेक टाळ्या पिटत होती. माझे हात मांडीवरच राहिले. "आई, काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पास बघ कसा दिला.

टीसीयूनं तो सामना ८५-७० जिंकला. हेलीचे १६ गुण आणि १० असिस्ट. टीसीयू पहिल्यांदाच शेवटच्या सोळांत पोचलं. पुढे नोत्र दामविरुद्ध तिनं २६ गुण केले आणि शेवटचे आठ. मग बर्मिंगहॅमला टेक्सस युनिव्हर्सिटीकडून ५८-४७ हार. पाच वेळा ती शेवटच्या चारांच्या दारापर्यंत गेली आणि दार उघडलं ते एकदाच, २०२२ला, लुइव्हिलकडून. विजेतेपद तिला कॉलेजात मिळालंच नाही. ज्या संघानं दोन वर्षांपूर्वी लीगमध्ये एकच सामना जिंकला होता तो तिच्या वर्षात ३४ जिंकला, ४ हरला. लीगची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. सामन्यामागे सरासरी १७.९ गुण, ५.४ असिस्ट. यातला दुसरा आकडा मला जास्त प्रिय आहे. त्यात चार जणींच्या सवयी आहेत, आणि त्या तिनं एका हिवाळ्यात पाठ केल्या होत्या.

परतताना गाडीत लेकीनं विचारलं, "पण आई, मुलींनी असं सारखं कॉलेज बदललं तर जुन्या कॉलेजला वाईट वाटत नाही का?" वाटतं, मी म्हटलं. वाटणारच. चाहत्यांनी तिच्या नावाची जर्सी घेतलेली असते. तिच्याभोवती संघ उभा केलेला असतो. शाळेतून नुकत्या निघालेल्या मुलींना आता कॉलेजात जागा मिळणं अवघड झालंय, कारण प्रशिक्षकांना तयार, अनुभवी खेळाडू पोर्टलमधून मिळतात, हेही खरं आहे. आणि २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले, त्यामुळे काही जणी पैशांसाठीही जातात. त्यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, पण घडी विस्कटते हे नाकारून चालणार नाही.

पण प्रशिक्षकांचं काय? लुइझियानाच्या किम मल्की बेलर युनिव्हर्सिटीत एकवीस वर्षं काढून २०२१ला तिथे आल्या. कॅम्बेल सॅक्रामेंटो स्टेटहून २०२३ला टीसीयूला आले. त्यांना कुणी एक वर्ष बसवलं नाही. मोठ्या माणसानं कामाची जागा बदलली की आपण अभिनंदन करतो, पेढे मागतो. वीस वर्षांच्या मुलीनं सगळ्या देशासमोर सांगितलं की मी चुकीच्या जागी आले, मला दुसरीकडे जायचंय, की आपण तिची वर्तणूक तपासायला लागतो. हेलीनं ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर खांदे उडवल्याचा तो तुकडा जगभर फिरत असताना.

मला भंडाऱ्यात कुणी विचारलं असतं की तुला परत जायचंय का, तर मी धावत गेले असते. कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, बाबांनासुद्धा कुठे कुणी विचारलं होतं? खात्याचा हुकूम यायचा आणि ते सही करायचे. मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण मनात एक मुलगी अजून कट्ट्यावर लेस बांधून बसलेली आहे, आणि हेलीनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या बदलीचा अर्ज भरला तेव्हा ती मुलगी उठून उभी राहिली होती.

१४ एप्रिलला व्यावसायिक लीगची निवड झाली. शिकागो स्कायनं हेलीला अकराव्या क्रमांकावर घेतलं. एंजल रीस तिथे आधीपासून होती, म्हणजे लुइझियानातलं एक माणूस तरी ओळखीचं. आणि टीसीयूत तिच्या जागी कोण येणार, तर नोत्र दामची ऑलिव्हिया माइल्स. जिच्या संघाला हेलीनं हरवलं, तीच. तीही गार्डच. तिलाही आता चार जणींचे हात नव्यानं शिकायचे होते.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला. त्यांना मी मॅचबद्दल सांगितलेलं होतं, आणि त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

"ती पोरगी आता कुठं?"

"शिकागोला, बाबा."

"मागून घेतली?"

"नाही. या वेळी त्यांनीच निवडलं. इथे तशीच पद्धत आहे, ज्या संघानं नाव घेतलं तिथे जायचं."

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मागे कुकरची शिट्टी झाली, आईनं काहीतरी विचारलं, त्यांनी "थांब गं" म्हटलं.

"मग पहिलं वर्ष जाईल तिचं," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, आवाज खाली आणून, "तुझं गेलं होतं भंडाऱ्याला. तू बूट घालून जायचीस रोज. कालव्यावरून परत येताना दिसायचीस मला कट्ट्यावर."

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"ते दाखले," त्यांनी घसा साफ केला, "प्लास्टिकच्या फायलीत घातलेत. काकांचा मुलगा येतोय ना तिकडे मे महिन्यात, त्याच्याबरोबर पाठवू?"

"पाठवा, बाबा."

"कुठला वर ठेवू? तारखेप्रमाणं लावलेत मी."

"भंडाऱ्याचा," मी म्हटलं. "भंडाऱ्याचा वर ठेवा."